वीस वर्णांची लिपी : प्रथिनांतील अमिनो आम्लांची घडण आणि त्यांचे वर्ग



जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने रसायनशास्त्रातील विषय व्याख्यानासाठी निवडावा, ह्याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. ह्या निवडीस दोन कारणे आहेत. पहिले कारण, ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे सर. साठ वर्षांपूर्वी इंदूरच्या ह्याच शाळेत ते आम्हांला विज्ञान मराठीतून शिकवीत. मराठी प्रतिशब्द सापडला नाही, तर मूळ शब्दच देवनागरीत फळ्यावर लिहीत आणि पुढे जात. 'आधी वस्तू दाखवा, नाव मागाहून सांगा' हा त्यांचा शिरस्ता होता. मी भाषेकडे वळलो ह्याचे त्यांना थोडे वाईट वाटले होते, हे मला ठाऊक आहे. आजचे व्याख्यान ही त्या जुन्या थकबाकीची अंशतः फेड समजावी.

दुसरे कारण सांगणे मला तितके सोपे नाही. १९८४ च्या जानेवारीत मी निमाडातील एका महाविद्यालयात मराठी शिकवीत होतो आणि वसतिगृहाचा अधीक्षक म्हणूनही काम पाहत होतो. बडवानीच्या बाजूच्या डोंगरांतून आलेला एक भिल्ल विद्यार्थी तेथे राहत असे. मुलगा गुणी होता, पण थंडी पडली की हातपाय दुखतात म्हणून अंथरुणात पडून राही. मला तो कामचुकार वाटे. एके पहाटे मी त्याला दटावून उठविले आणि मैदानावर कवायतीला पाठविले. दुपारी त्याला रुग्णालयात न्यावे लागले. तेथील तरुण डॉक्टर मला रागावले नाहीत. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी नेले आणि त्या मुलाच्या रक्ताची काचपट्टी दाखविली. गोल तांबड्या पेशींच्या गर्दीत काही पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. "सर, ह्याच्या रक्तातल्या प्रथिनात एकच अक्षर चुकलं आहे," असे ते म्हणाले.

अक्षर हा माझ्या व्यवसायातला शब्द. एक अक्षर चुकले म्हणून मी आयुष्यभर फार तर अर्धा गुण कापीत आलो होतो. ते अक्षर कोणते, आणि एका अक्षराने एवढा अनर्थ कसा घडतो, हे समजून घेण्यास मला पुढे बरीच वर्षे लागली. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आता सरांच्या पद्धतीने आधी वस्तू पाहू. डोक्यावरचे केस, बोटांची नखे, पैठणीचे रेशीम, दह्याची घट्ट कवडी, अंड्यातील पांढरा बलक, जठरातील पाचक रस, रक्ताला लाली देणारे हीमोग्लोबिन : इतक्या भिन्न गुणांच्या ह्या वस्तू मुख्यतः प्रथिनांच्या बनलेल्या आहेत किंवा प्रथिनांमुळे कार्य करतात. 'प्रोटीन' हा शब्द १८३८ साली प्रचारात आला. स्वीडनचे रसायनज्ञ बर्झेलियस ह्यांनी तो मुल्डर ह्या डच संशोधकास सुचविला. 'प्रथम स्थानी असलेले' अशा अर्थाचा ग्रीक शब्द त्याच्या मुळाशी आहे. आपल्या 'प्रथिन' ह्या शब्दात मूळचा ध्वनी तर ऐकू येतोच, शिवाय 'प्रथम' ह्या शब्दाची छायाही त्यावर पडली आहे. परिभाषा घडविताना अशी सांगड क्वचितच बसते.

कोणतेही प्रथिन तीव्र आम्लात दीर्घकाळ उकळले, तर त्याचे लहान लहान घटक सुटे होतात. ही अमिनो आम्ले होत. प्रथिनांच्या घडणीत सर्वत्र आढळणारी अशी आम्ले वीस आहेत. पहिल्याचा शोध १८०६ साली लागला आणि विसावे, थ्रिओनिन, १९३५ साली अमेरिकेत विल्यम रोझ ह्यांच्या प्रयोगशाळेत सापडले. म्हणजे वीस वर्ण गोळा करण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

त्यांची नावे भाषेच्या अभ्यासकाला मोह पाडणारी आहेत. नव्या पदार्थाला नाव देताना तो जेथे सापडला तेथील आठवण ठेवावी, अशी त्या काळची रीत दिसते. पहिले आम्ल शतावरीच्या कुळातील अस्पॅरॅगस ह्या भाजीच्या रसात मिळाले, म्हणून अस्पॅराजिन. १८२० साली फ्रान्समध्ये ब्राकोनो ह्यांनी जिलेटिन आम्लात उकळले, तेव्हा त्यांना गोड चवीचे स्फटिक मिळाले. 'गोड' ह्या ग्रीक शब्दावरून ते ग्लायसिन झाले. चीजमधून मिळाले ते टायरोसिन. रेशमाच्या चिकातून मिळाले ते सेरिन, कारण रेशमाला लॅटिनमध्ये 'सेरिकम' म्हणतात. मूत्राशयातील खड्यात सापडले म्हणून सिस्टीन. ल्युसिन म्हणजे पांढरे. गव्हाच्या कणकेतील ग्लूटेन ह्या चिकट भागातून १८६६ साली मिळाले ते ग्लुटामिक आम्ल. हे नाव आपण ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे. ह्याच आम्लाचे सोडियमयुक्त लवण आपल्या सराफ्यातल्या नूडल्सच्या गाडीवर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने हजर असते.

वीस नावे झाली, पण घडण मात्र एकच. मध्यभागी कार्बनचा एक अणू कल्पावा. कार्बनला चार हात असतात. एका हाताने त्याने अमिनो गट धरलेला असतो, म्हणजे नायट्रोजन आणि त्याला बिलगलेले दोन हायड्रोजन. दुसऱ्या हातात कार्बोक्सिल गट असतो, आणि त्याच्यामुळेच ह्या पदार्थाला आम्ल म्हणावयाचे. तिसऱ्या हातात हायड्रोजनचा एकटा अणू. हे तीन हात विसांपैकी सर्वांचे सारखे आहेत. अपवाद एका प्रोलिनचा, त्याच्याकडे पुढे वळू. फरक आहे तो चौथ्या हातात. त्या हातात जे असते त्याला पार्श्वशृंखला म्हणतात. ग्लायसिनच्या चौथ्या हातातही हायड्रोजनच असतो, म्हणून ते सर्वांत लहान. अॅलनिनच्या हातात कार्बनचा एक छोटा गट, व्हॅलिनच्या हातात तीन कार्बनांची दुफाटी, ट्रिप्टोफॅनच्या हातात तर दोन जोडलेल्या कड्यांचा मोठा बोजा. व्यक्तिमत्त्व म्हणून जे काही आहे ते सारे चौथ्या हातात.

चारही हातांत चार वेगळ्या वस्तू असल्या की एक गंमत होते. त्याच वस्तू दोन प्रकारे मांडता येतात आणि ह्या दोन मांडण्या उजव्या व डाव्या पायातील जोड्यांसारख्या एकमेकींची आरशातील प्रतिमा असतात. एक दुसरीत बसत नाही. सजीवांनी प्रथिने घडविण्यासाठी ह्यांपैकी एकच, 'डावी', मांडणी स्वीकारली आहे. ग्लायसिनला मात्र दोन हातांत हायड्रोजनच असल्यामुळे हा डावे-उजवेपणा नाही.

ही आम्ले एकमेकांस जोडली जातात तेव्हा एकाचा कार्बोक्सिल गट दुसऱ्याच्या अमिनो गटाशी हात मिळवितो आणि त्या जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. ह्या जोडणीला पेप्टाइड बंध म्हणतात. व्याकरण शिकलेल्यांना येथे समास आठवावा. 'राजाचा वाडा' ह्याचा 'राजवाडा' होतो तेव्हा मधला प्रत्यय गळून पडतो आणि दोन पदांचे एक पद होते. प्रथिनात असा समास शेकडो पदांचा असतो.

ह्या समासात पदांचा क्रम ठरलेला असतो की नाही, ह्याविषयी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकमत नव्हते. प्रथिन म्हणजे थोड्याफार फरकाने जमलेले मिश्रण असावे, असे मानणारे विद्वानही होते. केंब्रिज येथे फ्रेडरिक सँगर ह्यांनी इन्सुलिनचा क्रम एकेका वर्णाने वाचून काढला आणि १९५५ पर्यंत ते काम पूर्ण केले. एक शृंखला २१ आम्लांची, दुसरी ३० ची, एकूण ५१. प्रत्येक स्थानी एक निश्चित आम्ल. प्रथिन ही अक्षरशः संहिता आहे हे त्या दिवसापासून सिद्ध झाले. सँगर ह्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता वर्गीकरणाकडे वळतो, कारण आजच्या विषयाचे मर्म तेथे आहे.

रोमन लिपीची मुळाक्षरे घ्या. ए नंतर बी आणि बी नंतर सी का यावे, ह्याला उच्चाराच्या अंगाने काहीही कारण नाही. आपली वर्णमाला तशी नाही. क-वर्ग कंठातून निघतो, च-वर्ग तालूपाशी, ट-वर्ग मूर्ध्यापाशी, त-वर्ग दातांपाशी आणि प-वर्ग ओठांवर. वर्ण कोठे बसला आहे हे कळले की तो कसा वागेल हे कळते. संधीचे नियम ह्या वागणुकीवरच उभे आहेत. अमिनो आम्लांचे वर्गीकरणही ह्याच जातीचे आहे. तेथे स्थान कंठाचे वा तालूचे नव्हे. तेथील कसोटी अशी : ह्या आम्लाच्या चौथ्या हातातील शृंखलेचे पाण्याशी कसे जमते?

पाणी ही कसोटी का, तर देह मुख्यतः पाण्याचा आहे आणि प्रथिनांना पाण्यातच नांदावे लागते. आमटीवर फोडणीचे तेल तरंगते तेव्हा त्याचे थेंब एकमेकांस शोधीत एकत्र येतात. विसांपैकी काही आम्लांच्या पार्श्वशृंखला ह्या तेलासारख्या आहेत. अॅलनिन, व्हॅलिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, मेथिओनिन, फेनिलअॅलनिन, ट्रिप्टोफॅन आणि प्रोलिन हे जलद्वेषी आहेत. ग्लायसिनलाही बहुधा ह्यांच्याच पंक्तीस बसवितात. दुसरा वर्ग पाण्याशी सलोखा ठेवणारा, पण विद्युत्भार नसलेला. त्यात सेरिन, थ्रिओनिन, अस्पॅराजिन, ग्लुटामिन, सिस्टीन आणि टायरोसिन येतात. तिसऱ्या वर्गात दोघेच, अस्पार्टिक आम्ल आणि ग्लुटामिक आम्ल. ह्यांच्या चौथ्या हातात आणखी एक आम्लगट असतो आणि देहातील पाण्यात त्यावर ऋण विद्युत्भार येतो. चौथ्या वर्गात लायसिन, अर्जिनिन व हिस्टिडिन, म्हणजे धन विद्युत्भार धारण करणारे. ह्या दोन्ही वर्गांना पाण्याची विलक्षण ओढ आहे.

प्रथिनाची लांब साखळी तयार झाली की ती पाण्यात आपोआप गुंडाळली जाऊ लागते. जलद्वेषी घटक पाण्याकडे पाठ करून आत दडतात आणि जलस्नेही घटक बाहेर राहतात. ह्या गुंडाळणीनेच प्रथिनाला आकार येतो आणि आकाराने कार्य. म्हणजे आम्लांचा क्रम आणि त्यांचे वर्ग ह्यांतूनच ठरते की अमुक प्रथिन धागा होईल, गोळा होईल की पाचक कात्री होईल. केवळ क्रमावरून आकार वर्तविण्याचे कोडे शास्त्रज्ञांना अनेक दशके छळीत होते. ते बऱ्याच अंशी सोडविणाऱ्या संगणकीय पद्धतीच्या निर्मात्यांना २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

वर्ग पाडले तरी काही मंडळी त्यांत नीट मावत नाहीत, हे भाषेत घडते तसेच येथेही घडते. प्रोलिनची पार्श्वशृंखला मागे वळून स्वतःच्याच नायट्रोजनाला धरते. त्यामुळे तो जेथे येतो तेथे साखळीला बाक द्यावा लागतो. सिस्टीनमध्ये गंधक आहे, आणि दोन सिस्टीन समोरासमोर आले की गंधकाला गंधक जोडून पक्का टाका घालतात. केस जळाल्यावर येणारा उग्र दर्प ह्या गंधकाचा, आणि केशकर्तनालयात सरळ केस कुरळे करून देतात तेव्हा हेच टाके उसवून नव्या जागी घातलेले असतात. ग्लायसिनचे तर भूषण त्याच्या लहानपणात आहे. कातडी, अस्थी व स्नायुबंध ह्यांत असलेल्या कोलॅजेन ह्या प्रथिनात तीन साखळ्या दोरीसारख्या वळलेल्या असतात. आत इतकी कमी जागा असते की प्रत्येक तिसरे आम्ल ग्लायसिनच असावे लागते. ही तिपेडी रचना १९५४-५५ मध्ये मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था ह्यांनी मांडली. हिस्टिडिनचा विद्युत्भार तर धरसोडीचा आहे. परिस्थिती किंचित पालटली की तो येतो वा जातो, म्हणून मध्यस्थीची नाजूक कामे त्याच्याकडे असतात. हीमोग्लोबिनमधील लोहाचा अणू एका हिस्टिडिननेच धरून ठेवलेला असतो.

पाणिनीच्या शिवसूत्रांत 'ह' हा वर्ण दोनदा येतो, हे आपणांपैकी संस्कृतज्ञांना ठाऊक आहे. एका वर्गात घातले तर एक नियम साधतो, दुसरा बिघडतो, म्हणून त्याला दोन ठिकाणी जागा द्यावी लागली. शिवाय शिवसूत्रांचा क्रम हा आपल्या वर्णमालेचा क्रम नव्हे, कारण त्यामागचा हेतू निराळा. वर्गीकरण हेतूनुसार पालटते. अमिनो आम्लांचेही असेच आहे. आहारशास्त्रज्ञ पाण्याची कसोटी बाजूला ठेवतो आणि एवढेच विचारतो की, हे आम्ल देहाला स्वतः बनविता येते की अन्नातूनच घ्यावे लागते? प्रौढ माणसाला नऊ आम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात. तांदूळ-गव्हात त्यांपैकी लायसिन कमी असते. डाळीत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन तोकडे. वरणभात एकत्र जेवला की दोघांची उणीव परस्पर भरून निघते. आपल्या आज्यांनी हे रसायन न शिकता साधले होते. मक्यात मात्र लायसिन आणि ट्रिप्टोफॅन दोन्ही कमी असतात. ज्या डोंगराळ भागात वर्षातील बराच काळ मक्याच्या भाकरीवर जातो, तेथे सोबत डाळ असणे ही चैन नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एक वर्ण पालटला तर काय होते?

आधी निरुपद्रवी उदाहरण घेतो. डुकराचे इन्सुलिन आणि माणसाचे इन्सुलिन ह्यांत ५१ पैकी एकाच आम्लाचा फरक आहे. मोठ्या शृंखलेच्या अगदी शेवटच्या, तिसाव्या स्थानी माणसात थ्रिओनिन असते, डुकरात अॅलनिन. जागा टोकाची आहे आणि दोन्ही आम्ले आकाराने लहान. त्यामुळे इन्सुलिनचे कार्य अबाधित राहते. १९८२ पासून जिवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन मिळू लागले, पण त्यापूर्वी जगभरातील असंख्य मधुमेही जनावरांच्या इन्सुलिनवर जगले. माझी एक मावशी अत्यंत सोवळ्याची होती. औषधाचे कूळ विचारू नये, असे म्हणून ती रोज सकाळी सुई टोचून घेई. ते कूळ कोणते हे तिला कोणी सांगितले नाही, आणि आता सांगावयास ती नाही.

आता हीमोग्लोबिन. ते चार शृंखलांचे असते. अल्फा जातीच्या दोन, प्रत्येकी १४१ आम्लांच्या, आणि बीटा जातीच्या दोन, प्रत्येकी १४६ आम्लांच्या. एकूण ५७४. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे पहिले वर्णन शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक ह्यांनी १९१० साली प्रसिद्ध केले, पण कारण अज्ञात होते. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तीचे हीमोग्लोबिन आणि ह्या रुग्णांचे हीमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात ठेवून पाहिले. दोन्ही वेगवेगळ्या गतीने सरकली. म्हणजे त्यांच्या विद्युत्भारात फरक होता. रोगाचे मूळ एका रेणूत दाखविले गेले ते प्रथमच.

पण ५७४ पैकी नेमके काय पालटले? ह्याचे उत्तर व्हर्नन इंग्रॅम ह्यांनी १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे दिले. त्यांची युक्ती मला संहिता-चिकित्सेसारखी वाटते. ट्रिप्सिन नावाचे पाचक प्रथिन साखळीला वाटेल तेथे तोडत नाही. ते लायसिन किंवा अर्जिनिन आले की त्याच्यापुढे तोडते. ह्या कात्रीला वर्ग कळतो, असे म्हणावे. इंग्रॅम ह्यांनी दोन्ही हीमोग्लोबिनांचे असे तुकडे केले आणि कागदावर पसरविले. सुमारे तीस ठिपके उमटले. सगळे जुळले, एक ठिपका मात्र आपल्या जागेवरून सरकलेला होता. त्या एका तुकड्यात शोधल्यावर सापडले की बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले आहे.

पाण्याची ओढ असलेला, ऋणभारित घटक गेला आणि त्याच्या जागी तेलकट घटक आला. तोही शृंखलेच्या आत दडलेला नाही, रेणूच्या पृष्ठभागावर, पाण्यात. हीमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूच्या अंगावर एक तेलकट खाच उघडी पडते. फेनिलअॅलनिन आणि ल्युसिन ह्यांनी ती घडलेली असते. व्हॅलिन त्या खाचेत जाऊन बसतो. एका रेणूला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे धागे तयार होतात, धाग्यांचे जुडगे होते आणि पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या, ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. हाडांतील ती असह्य वेदना ह्यातून येते. शरीरातील पाणी कमी झाले, थंडीने वाहिन्या आकसल्या, श्रम अति झाले की हा प्रकार बळावतो. १९८४ च्या त्या पहाटे मी थंडी आणि श्रम दोन्हींची व्यवस्था केली होती.

ह्या गोष्टीला एक जोड आहे, आणि वर्गीकरणाचे महत्त्व मला खरे पटले ते तिच्यामुळे. त्याच सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आलेले हीमोग्लोबिनही आढळते, मुख्यतः पश्चिम आफ्रिकेत. ऋणाच्या जागी धन, म्हणजे विद्युत्भाराच्या दृष्टीने बदल अधिक मोठा. तर्काने पाहिले तर रोगही अधिक भयंकर असावयास हवा. प्रत्यक्षात तो पुष्कळ सौम्य आहे. कारण लायसिन विरुद्ध भाराचे असले तरी जलस्नेहीच आहे. त्या तेलकट खाचेत त्याला स्वारस्य नाही. किती पालटले ह्यापेक्षा कोणत्या वर्गातून कोणत्या वर्गात गेले आणि कोणत्या जागी, ह्यावर सारे अवलंबून आहे.

दोन्ही पालकांकडून हे व्हॅलिन मिळाले तर हा तीव्र आजार होतो. एकाकडूनच मिळाले तर व्यक्ती वाहक होते आणि बहुधा निरोगी जगते. एवढेच नव्हे, तर हिवतापाच्या घातक प्रकाराविरुद्ध तिला काही संरक्षणही मिळते, हे १९५४ साली अँथनी अॅलिसन ह्यांनी दाखविले. जेथे हिवताप पिढ्यानपिढ्या मुक्काम करून होता, तेथे हा वर्ण टिकून राहिला तो ह्यामुळे. भारतात त्याची नोंद १९५२ साली प्रथम निलगिरीतील आदिवासींत झाली. गुजरात, खानदेश, विदर्भ, आपला निमाड-झाबुआ, छत्तीसगड आणि ओडिशा असा त्याचा मोठा पट्टा आहे. केंद्र शासनाची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याचा संभव चारात एक असतो, म्हणून विवाहापूर्वीच तपासणी करून घेण्यावर भर दिला जातो.

उपचारांत एक विलक्षण गोष्ट आहे. गर्भावस्थेत आपल्या रक्तात निराळे हीमोग्लोबिन असते आणि त्यात ही चूक नसते, कारण त्यात बीटा शृंखलाच नसते. जन्मानंतर ते मागे पडते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध त्या जुन्या हीमोग्लोबिनचे प्रमाण पुन्हा वाढविते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये जनुक-संपादनाच्या ज्या उपचारास जगात प्रथम मान्यता मिळाली, तोही हेच करतो. चुकलेला वर्ण तो दुरुस्त करीत नाही, मिटून ठेवलेली जुनी प्रत पुन्हा उघडतो. त्याचा खर्च आज कोट्यवधी रुपयांचा आहे. हायड्रॉक्सियुरिया मात्र आवाक्यातले औषध आहे आणि वैद्यकीय देखरेखीखाली नियमित दिले जाते.

१९८४ साली निमाडात त्या मुलासाठी ह्यांतले काहीच नव्हते. तो बरा होऊन वसतिगृहात परतला, पण वर्ष पुरे न करताच गावी निघून गेला. जाताना माझ्या पाया पडला. त्याचा पत्ता माझ्या वहीत होता. मी पत्र लिहिले नाही.

आज सभागृहात बरेच शिक्षक आहेत आणि काही माजी विद्यार्थी आश्रमशाळा व वसतिगृहे चालवितात. त्यांना सांगतो. ह्या पट्ट्यातून आलेला मुलगा वारंवार हाडे, सांधे वा पोट दुखते म्हणत असेल, डोळे पिवळसर दिसत असतील, चालताना दम लागत असेल, तर रक्त तपासून घ्यावे. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्ताची प्राथमिक चाचणी आता गावपातळीवरही होते. रोग असल्याचे कळले तर त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवावा आणि दिवसभर पाणी प्यायला सांगावे. थंडीत एक पांघरूण जास्त द्यावे. पहाटेच्या कवायतीतून आणि गार पाण्याच्या आंघोळीतून त्याला सूट द्यावी. ताप आला किंवा छातीत दुखू लागले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.